डावी बाही

१२ ऑगस्ट

वहिनी,

हे पत्र तुझ्या हातात पडेल त्याआधी तुझ्या वकीलबाईंनी ते वाचलेलं असेल. तुझा पत्ता मला सांगायचा नाही असं ठरलंय. म्हणून पत्र त्यांच्या ऑफिसात द्यायचं, आणि त्यांना योग्य वाटलं तर त्यांनी पुढे पाठवायचं. तर वकीलबाई, आधी तुम्हाला नमस्कार. माझं अक्षर डॉक्टरांच्या वरताण आहे, चष्मा लावून बसा.

आता तुझ्याशी बोलते. तू गेलीस त्याला आठ महिने झाले. जिना उतरून खाली आलीस, दुकानाच्या दारातून माझ्याकडे बघितलंस आणि एक शब्द न बोलता दोन्ही पोरांना घेऊन चालती झालीस. मी एका शर्टाला काजं करत होते. निदान 'येते वन्सं' म्हणाली असतीस तर काय बिघडलं असतं, असं मी चार महिने घोकत होते. मग घोकणं सोडलं आणि नुसता राग धरला. आता रागही धड उरलेला नाही. काय उरलंय ते मला सांगता येत नाही.

कोर्टाचे कागद तुला मिळाले असतीलच. होय, मी सही केली. धाकट्याने मुलांचा ताबा मागितलाय, आणि निकाल लागेपर्यंत दर शनिवार-रविवार मुलं त्याच्याकडे मुक्कामाला पाठवावीत असा अर्ज केलाय. त्या अर्जाला माझं प्रतिज्ञापत्र जोडलंय. मी खालच्या मजल्यावर दुकानात दिवसभर असते, वर या दोघांचा संसार होता, मारहाणीचा आवाज मी कधीही ऐकलेला नाही, आणि मुलं मुक्कामाला आली तर मी स्वतः हजर राहीन. एवढंच. त्यात एक अक्षर खोटं नाही. दोनदा वाचून मग सही केली.

तू म्हणशील, वन्सं भावाचीच बाजू घेणार. न घेऊन करू काय? आई गेली तेव्हा तो सात वर्षांचा होता आणि मी एकोणीसची. त्याचे डबे मी भरले, त्याच्या शर्टाची तुटलेली बटणं मी लावली. चाळिशी उलटली तरी तो धाकटाच आहे, आणि त्याला तसं म्हणणारी मी एकटीच उरले आहे. आता रोज संध्याकाळी वरून दुकानात येतो, कापडाचे तागे उचलून फळीवर ठेवतो, मशीनला तेल देतो आणि स्टुलावर बसून राहतो. परवा गुंड्याची जुनी चप्पल हातात धरून रडला. असा रडणारा माणूस तसलं काही करेल हे माझ्या डोक्यात शिरत नाही. आणि तुझा तो दारातला चेहरा आठवला की काहीच झालं नसेल हेही शिरत नाही. मी दोन्हीकडून अडकले आहे.

म्हणून म्हणते, शनिवार-रविवार पाठव. माझ्या डोळ्यांसमोर राहतील. गुंड्या अजून नाकात बटणं घालतो का? त्यावरून तर त्याचं नाव पडलं. आणि ठकीला आता अकरावं लागलं ना? उंच झाली असेल. नव्या शाळेत घातलं असशील तर तयार गणवेश घेऊ नकोस. तिला तो बसणार नाही, हे तुला मी सांगायला नको.

तुझी,
वन्सं

२९ ऑगस्ट

वहिनी,

पत्राला उत्तर आलं नाही, पण पिशवी आली. काल वकीलबाई स्वतः दुकानात आल्या, इकडेतिकडे बघितलं आणि पिशवी टेबलावर ठेवली. आत कापड आणि तुझ्या अक्षरातला कागद. दोघांची मापं. ठकीची उजवी बाही अठरा इंच, डावी सव्वासतरा. खाली एक ओळ: 'वन्सं, तयार शर्टात तिचा हात वेगळा दिसतो, मुली हसतात. शिवून द्याल का?'

ती ओळ मी किती वेळा वाचली ते विचारू नकोस. मला वाटलं होतं तू माझं तोंडही बघणार नाहीस. मग वाटलं, हे माझ्यासाठी नाही, पोरीसाठी आहे. कशासाठी का असेना, मी लगेच कापड पाण्यात टाकलं.

वकीलबाईंनी मला बजावलं की शाळेचं नाव विचारायचं नाही. मी मान हलवली आणि मनात हसले. अगं, तीस वर्षं मी गणवेशच शिवते. हा राखाडी चौकडा आणि त्यात ती बारीक तांबडी रेघ या भागात एकच शाळा घेते. पिशवीतून टोक दिसलं तेव्हाच मला कळलं. घाबरू नकोस, माझ्या पोटात राहील.

बाहीचं कसं करते ते सांगते, म्हणजे ठकीला समजावशील. तिचा डावा हात कोपरात पुरता सरळ होत नाही, म्हणून सरळ मापाची बाही मनगटावर गोळा होते आणि नजर तिकडेच जाते. नुसती आखूड करून भागत नाही. कोपराजवळ आतून जरा कापड दुमडून शिवणीत घ्यायचं, मग बाही हाताबरोबर वळते. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा तीनदा उसवलं होतं. आता हात बसलाय.

एक विचारायचं आहे. धाकट्याच्या वकिलाने कोर्टात दिलेला कागद मी काल नीट वाचला. त्यात लिहिलंय की ठकीचं कोपर यंदा जानेवारीत मोडलं. म्हणजे तू घर सोडून गेल्यावर, तुझ्या बहिणीकडे असताना, तुझ्या हलगर्जीपणामुळे. वाचून मी चक्रावले. धाकट्याला विचारलं तर म्हणाला की वकिलाकडून तारखांचा घोळ झाला असेल, तू त्यात पडू नकोस. दवाखान्याची फाइल बघू म्हटलं, तर ती सापडत नाही म्हणाला.

घोळच असेल. पण दवाखान्यात तूसुद्धा ठकी जिन्यावरून पडली असंच सांगितलं होतंस. मी शेजारी उभी होते. मग आता कोर्टात वेगळं का सांगतेस? तेव्हाचं खरं की आताचं? मी तुला उलटसुलट विचारत नाहीये. मला खरोखरच कळेनासं झालंय.

शर्ट सोमवारपर्यंत होतील.

वन्सं

११ सप्टेंबर

वहिनी,

मी त्याला सांगितलं नाही. हे आधी लिहिते, कारण तुझ्या मनात तेच असणार. तो मला काही विचारत नव्हता आणि मी काही बोलले नाही.

पण त्याला कळलं ते माझ्यामुळेच. तुला ठाऊक आहे, शिवून झालेला कपडा मी दांडीवर टांगते आणि त्याला टाचणीने चिठ्ठी लावते. शाळा, इयत्ता, नाव. चिठ्ठीशिवाय कपडा दांडीवर जात नाही. तीस वर्षांची सवय आहे, त्यात माझं डोकं चालत नाही, हातच चालतात. ठकीचे आणि गुंड्याचे शर्ट इस्त्री करून टांगले आणि चिठ्ठ्या लावल्या. शाळेचं नाव घालून. माझ्या पोटात राहील असं तुला लिहिलं होतं, आणि ते मी ठळक अक्षरात लिहून टांगून ठेवलं.

संध्याकाळी तो आला, तागे लावले, मशीनला तेल दिलं, चहा प्याला. दांडीकडे बघत चहा प्याला हे मला आता आठवतं. तेव्हा मला वाटलं, पोरांचे कपडे बघून गलबलला असेल.

मग सोमवारी दुपारी सव्वाला दुकानाच्या दारात धाकटा उभा, आणि त्याच्या कडेवर गुंड्या. 'ताई, बघ कोण आलंय.' खरं सांगते, माझा जीव सुपाएवढा झाला. शाळेच्या दारात काय घडलं ते मला ठाऊक नव्हतं. ठकीने बापाला लांबून बघितलं आणि ती मागच्या मागे वळून ग्रंथालयात कपाटाआड जाऊन बसली, हे मला वकीलबाईंनी नंतर सांगितलं. गुंड्या बापाकडे धावत गेला. सहा वर्षांचं पोर, नऊ महिन्यांनी बाप दिसल्यावर धावणार नाही तर काय. त्याला दोष देऊ नकोस. दिलाच तर मला दे, तो मला पेलेल.

वकीलबाईंना मी सांगितलं की मुलगा आल्या आल्या मी फोन केला. ते खरं नाही. मी फोन केला तेव्हा सव्वातीन वाजले होते. मधले दोन तास मी त्याला दूध-पाव दिला, त्याची उंची मोजली, सव्वा इंच वाढलाय म्हणून कौतुक केलं. कोर्टाच्या परवानगीशिवाय त्याला आणलंय, हे मला कळत होतं. तू कुठेतरी जिवाच्या आकांताने धावत असशील, हेही कळत होतं. तरी म्हटलं, अजून पाच मिनिटं. अशी पाच-पाच मिनिटं दोन तास गेली.

गुंड्या फारसा बोलला नाही. आला तसा कापायच्या टेबलाखाली जाऊन बसला, त्याच्या जुन्या जागेवर, चिंध्यांच्या टोपलीजवळ. तीनच्या सुमारास धाकट्याला त्याच्या वकिलाचा फोन आला. तो बोलत बोलत वर गेला आणि थोड्या वेळाने त्याचा आवाज चढला. काय बोलत होता ते खाली कळत नव्हतं, नुसता आवाज येत होता.

तेव्हा गुंड्या टेबलाखालून म्हणाला, 'आत्या, मशीन लाव ना.'

मी खाली वाकून बघितलं. त्याने गुडघे पोटाशी घेतले होते आणि दोन्ही कानांवर हात ठेवले होते. घाबरलेला दिसत नव्हता. पंखा लाव म्हणावं तितक्या साधेपणाने म्हणाला आणि वाट बघत राहिला.

मी मशीन लावलं नाही. मी वकीलबाईंना फोन केला. पुढचं तुला ठाऊक आहे. त्या पोलीस घेऊन आल्या आणि गुंड्याला नेलं.

फोन मी केला हे धाकट्याला माहीत नाही. त्याला वाटतं वकीलबाईंनी शोधून काढलं. काल तो त्यांना शिव्या देत होता आणि मी मान खाली घालून बटणं लावत होते. मी आता नेमकी कोणाला फसवतेय, तेच मला उमगत नाही.

वन्सं

२० सप्टेंबर

वहिनी,

हे पत्र लिहून झाल्यावर तीन दिवस बटणांच्या डब्यात पडून होतं, या ओळी आज वरच्या कोऱ्या जागेत लिहिते आहे. ते वकीलबाईंच्या हातात गेलं की परत घेता येणार नाही, म्हणून. आज देते आहे. मन बदलायच्या आत देते आहे.

सत्तावीस तारखेला माझी साक्ष आहे. धाकट्याचा वकील म्हणतो, मुलांना मुक्कामाला पाठवायचं की नाही हे बहुतेक माझ्यावरच ठरेल, कारण त्या घरात राहणारी मी एकटी बाहेरची साक्षीदार. बाहेरची म्हणे. मी प्रतिज्ञापत्रात लिहिलंय तेवढंच बोलायचं आहे.

परवा धाकटा तेल देता देता म्हणाला, 'ताई, त्या जुन्या मापाच्या वह्या कशाला साठवून ठेवतेस? रद्दीत देऊन टाक, जागा मोकळी होईल.' अगदी सहज म्हणाला. वीस वर्षांत त्याने माझ्या वह्यांची चौकशी केली नव्हती. तो गेल्यावर मी गेल्या वर्षीची वही काढली.

ठकीचं पान आहे त्यात. गेल्या वर्षी दहा जानेवारी: दोन्ही बाह्या साडेसोळा. त्याच पानावर खाली, गेल्या वर्षीच बावीस एप्रिल, प्लास्टर काढल्यानंतर: उजवी पावणेसतरा, डावी सोळा. माझंच अक्षर, माझीच तारीख. यंदाच्या जानेवारीत मोडलेला हात गेल्या वर्षीच्या एप्रिलमध्ये आखूड कसा मोजला जाईल? घोळ तारखांचा नव्हता.

वही पुन्हा ठेवून दिली. मग पुन्हा काढली. असं चार वेळा झालं. वही हात केव्हा मोडला ते सांगते. कसा मोडला ते वहीत नाही. ते मला माहीत आहे. मला माहीत नाही असं मी इतके दिवस स्वतःला सांगत होते, आणि ते मला छान जमलंही होतं.

फेब्रुवारीतली दुपार होती. वर त्याचा आवाज चढायला लागला तशी तू नेहमीप्रमाणे गुंड्याला खाली पाठवलंस. तो टेबलाखाली बसला. मी नेहमीप्रमाणे मशीन सुरू केलं. वरचा आवाज वाढला की मी पाय जोरात मारायची, कमी झाला की हळू. तू माझ्याशी कधी याबद्दल बोलली नाहीस, पण तुला ठाऊक असणार. वरून तुला माझं मशीन ऐकू येतच असणार.

ठकी वरच होती. तिचा आवाज आला, 'बाबा, आईला सोडा.' मग काहीतरी दारावर आपटलं. मग ठकी ओरडली. ते ओरडणं मी ऐकलं, वहिनी. मी पाय आणखी जोरात मारला. शिवायचं कापड कधीच संपलं होतं. सुईखाली काहीच नव्हतं. रिकामं मशीन मी चालवत राहिले, वर शांत होईपर्यंत.

मग तू तिला घेऊन खाली आलीस. म्हणालीस, जिन्यावरून पडली. मी म्हटलं, अरे देवा, जिना फार निसरडा आहे. तू माझ्याकडे बघितलंस. घर सोडतानाही तू तसंच बघितलंस. तेव्हा तू खोटं का बोललीस हे मी ऑगस्टमधल्या पत्रात विचारलं होतं. ते पत्र परत मिळालं असतं तर फाडून टाकलं असतं. तू खरं कोणाला सांगणार होतीस? मला?

हे मी शिकले कुठे, तेही सांगते. सबब म्हणून नाही. आमचे वडील आईवर हात टाकायचे. ते चिडले की आई मला म्हणायची, 'तू मशीनवर बस.' शेजाऱ्यांना मशीनचा आवाज आला की त्यांना वाटायचं, घरात काम चाललंय. आई गेल्यावर वडिलांचा हात धाकट्यावर पडायला लागला. मला मशीनवर बस म्हणायला कोणी नव्हतं. मी आपणहून बसायची. मग त्याचं अंग पुसायची, त्याला जवळ घ्यायची, त्याचा फाटलेला शर्ट शिवून द्यायची. मला वाटायचं मी त्याला सांभाळलं.

आता काय करू ते मला समजत नाही. तो माझा भाऊ आहे. तो अजून माझ्या मशीनला तेल देतो. मी खरं बोलले तर तो माझ्याकडे परत यायचा नाही. आणि नाही बोलले तर शनिवारी पोरं येतील, वर जातील, आणि आवाज चढला की गुंड्या मला मशीन लाव म्हणेल. या वेळी ठकी टेबलाखाली बसेल की वर थांबेल, हे मला सांगता येत नाही.

वही मी पत्राबरोबर देत नाही. तिच्यावर अजून माझा हात आहे. सत्तावीस तारखेला हातात असेल किंवा नसेल. मी वचन देत नाही, कारण माझ्या वचनाचं काय होतं ते तू बघितलंस.

वन्सं

४ ऑक्टोबर

वहिनी,

त्या दिवशी तू कोर्टात तिसऱ्या रांगेत होतीस. मी बघितलं नाही असं दाखवलं. तू सगळं ऐकलंसच, पण माझ्या बाजूने ते कसं होतं ते लिहून ठेवते.

सकाळी धाकटा मला न्यायला आला. इस्त्रीचा शर्ट घातला होता, मीच शिवलेला. वाटेत माझा हात धरून रस्ता ओलांडला. माझ्या पिशवीत डबा, चष्मा आणि वही. वही मी का घेतली मला विचारू नकोस. घेतली तेव्हाही ती परत घरीच आणायची असंच माझ्या मनात होतं.

त्याच्या वकिलाने विचारलं, मारहाणीचा आवाज तुम्ही कधी ऐकलात का? पाठ केलेलं उत्तर होतं, नाही. मी नाही म्हणाले. तू तेव्हा मान खाली घातलीस. वकील खाली बसला. त्याला वाटलं झालं काम.

मग न्यायाधीश साहेबांनी आपलं सहज विचारलं, तुम्ही तर थेट खालीच बसता, मग ऐकू कसं आलं नाही? मी म्हटलं, 'साहेब, मशीन चालू असायचं.' ते म्हणाले, दिवसभर? मी म्हटलं, 'नाही. वर आवाज चढला की मी चालू करायची. ऐकू येऊ नये म्हणून.'

मग मीच बोलत सुटले. रिकाम्या सुईचं सांगितलं, ठकीचं ओरडणं सांगितलं, दारावरचा आवाज सांगितला. आधी दिलेलं नाही खोटं होतं हेही सांगितलं. पिशवीतून वही काढली तेव्हा डबा खाली पडला आणि झाकण घरंगळत धाकट्याच्या पायाशी गेलं. त्याने ते उचलून माझ्या हातात दिलं. सवयीने दिलं. तेवढ्यात मी वही साहेबांपुढे ठेवली.

मुक्काम नामंजूर झाला. निकाल लागेपर्यंत मुलं तुझ्याजवळच राहतील, आणि तो भेटेल ते कोर्टातल्या खोलीत, अधिकाऱ्यांसमोर, तेही मुलं तयार असतील तर. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं मला. थोडं वाटलं. बाकी काय वाटलं त्याला नाव सापडत नाही.

बाहेर जिन्यात धाकटा उभा होता. मला वाटलं ओरडेल, अंगावर येईल. तो ओरडला नाही. म्हणाला, 'ताई, माझ्या वेळी नाही थांबवलंस ते मशीन.' आणि निघून गेला. त्या दिवसापासून दुकानात आला नाही. मशीन खडखड वाजतं. तेल मला देता येतं, पण देत नाही.

त्याचं म्हणणं खोटं आहे का? मी आठ दिवस उत्तर शोधतेय. त्याच्या वेळी मी थांबवलं असतं तर तो असा झाला नसता का? की झालाच असता? आणि तो असा झाला म्हणून त्याने पोरीचा हात मोडला हे मी कसं पोटात घालू? मला त्याची दयाही येते आणि त्याचा रागही येतो, आणि संध्याकाळ झाली की मी अजून त्याची वाट बघते. मी बरोबर केलं एवढं मला माहीत आहे. बरोबर केल्यावर बरं वाटतं असं कोणी सांगितलं असेल तर त्याने केलेलं नसणार.

आता कामाचं. काल वकीलबाई आल्या होत्या. पुन्हा पिशवी घेऊन. पोरांची शाळा तुला पुन्हा बदलावी लागली, ती माझ्या चिठ्ठीमुळे. तरी तू मला कापड पाठवलंस. वकीलबाई म्हणाल्या, वहिनींनी सांगितलंय की वन्संच शिवतील, ठकीलाही आत्याचाच शर्ट हवाय. ते ऐकून मी मागच्या खोलीत जाऊन जरा वेळ उभी राहिले.

वहिनी, पिशवी मी परत पाठवली आहे. रागाने नाही. मला कापड ओळखता येतं. मी चिठ्ठी लावणार नाही असं आज ठरवेन, आणि माझे हात लावून मोकळे होतील. धाकटा उद्या दारात उभा राहिला आणि माझ्या गळ्यात पडून रडला तर मी काय बोलून जाईन ते मला माहीत नाही. मला माहीतच नसलेलं मात्र मी सांगू शकणार नाही.

म्हणून खाकी कागदावर ठकीच्या दोन्ही बाह्या कापून सोबत ठेवल्या आहेत. कुठल्याही चांगल्या शिंप्याला दे. डावीवर कोपराजवळ मी खडूने खूण केली आहे, तिथे आतून अर्धा इंच कापड घ्यायचं. तो म्हणेल, बाई, माप चुकलंय. त्याला सांग, माप बरोबर आहे. दुमडीत दोन इंच जास्त ठेवायला सांग, पोर वाढतेय. गुंड्याला खिसा मोठा ठेव, म्हणजे बटणं नाकात जाणार नाहीत.

ठकीला सांग, आत्याला शिवायचं नव्हतं असं नाही.

पिशवीची गाठ मी सोडली नाही. कापडाचा रंगसुद्धा बघितला नाही.

वन्सं